किडनी ट्रान्सप्लान्टचे स्कॅन: डोनरच्या सीटी अँजिओपासून नव्या किडनीच्या डॉपलरपर्यंत

घरात ट्रान्सप्लान्टचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष रक्तगट, क्रॉसमॅच (पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती तपासणी), परवानगी देणारी कमिटी आणि खर्चाकडे लागलेलं असतं. स्कॅनच्या चिठ्ठ्यांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून करायचं, रिपोर्ट आणायचा, फाइलीत लावायचा. पुढे ऑपरेशननंतर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हे वाढतं) जरा हललं की तीच माणसं डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात धरून ‘आरआय ०.७४ म्हणजे रिजेक्शन का?’ असं विचारत कॉरिडॉरमध्ये उभी राहतात. रेडिओलॉजी विभागात काम करताना हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की सगळं एकदा क्रमाने लिहून काढावं असं वाटलं.

आधी एक गोष्ट पक्की करून ठेवा. स्कॅनला नळजोडणी दिसते, पेशी दिसत नाहीत. रक्त नीट आत येतंय का, शीर मोकळी आहे का, लघवी खाली उतरतेय का, किडनीभोवती पाणी साठलंय का, एवढं स्कॅन छान सांगतो. शरीराने नवी किडनी नाकारायला सुरुवात केली आहे का, म्हणजेच रिजेक्शन आहे का, हे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. खाली आकडे येतील तेव्हा हे विसरू नका.

फाइल आणि क्रम

डोनरची फाइल वेगळी आणि पेशंटची वेगळी ठेवा. छापील रिपोर्टसोबत सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ चित्रं मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात, आणि सर्जनला बहुतेक वेळा नेमकं न छापलेलं चित्रच बघायचं असतं. प्रत्येक सीडीवर नाव, तारीख आणि तपासणी मार्करने लिहा. सहा महिन्यांनी तुलना करायची वेळ आली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘जुना आहे का?’ हाच.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा. बरेच जण उत्साहाच्या भरात डोनरचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) पहिल्याच आठवड्यात उरकून टाकतात. मला हे पटत नाही. आधी रक्तगट, साखर, बीपी, लघवीतलं प्रोटीन, साधी सोनोग्राफी आणि क्रॉसमॅच होऊ द्या. यातल्या एखाद्या पायरीवर डोनर बाद झाला तर निरोगी माणसाच्या अंगावर गेलेलं रेडिएशन आणि खिशातले पैसे दोन्ही वाया जातात. रक्तगट जुळला नाही तरी दोन कुटुंबांत अदलाबदलीची सोय २०११च्या कायदादुरुस्तीने झाली आहे. तिथेही सीटी लागतोच, पण योग्य वेळी. सरकारी योजनेतून उपचार होणार असतील तर कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती बाहेर, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

डोनर: सोनोग्राफी आणि डीटीपीए

सोनोग्राफीला सकाळी उपाशीपोटी, लघवी भरलेली ठेवून जायचं. दोन्ही किडन्या आहेत का, साधारण सारख्या आहेत का, खडा किंवा गाठ नाही ना, इतकं बघितलं जातं. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. रिपोर्टमध्ये ‘सिम्पल सिस्ट’ दिसलं की घरात रडारड सुरू होते, पण साधी पाण्याची गाठ असली म्हणून डोनर नाकारला जात नाही. एखादा बारीक खडा असला तरी लगेच नकार येतो असं नाही. पुढच्या तपासण्या होतात आणि मग ठरतं.

डीटीपीए हा किडनी किती काम करते ते मोजणारा स्कॅन. त्यात टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याची अगदी थोडी मात्रा शिरेतून देतात, आणि कॅमेऱ्याखाली साधारण अर्धा तास निश्चल पडून राहायचं असतं. या द्रव्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. स्कॅनला उपाशी राहायची गरज नसते, उलट भरपूर पाणी पिऊन जायचं. कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवी करून यायची. उंची आणि वजन खरं सांगा, कारण हिशोबात ते धरलेलं असतं. घरी गेल्यावरही पाणी पीत राहा. त्या दिवशी तान्ह्या बाळाला कडेवर घेणं आणि गरोदर बाईला चिकटून बसणं टाळा.

हातात येतात ते दोन आकडे. एक एकूण जीएफआर, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात ते. जीएफआर ९० किंवा जास्त असेल तर सहसा अडचण येत नाही, ६०च्या खाली असेल तर डोनर घेत नाहीत, आणि मधल्या पट्ट्यात वय आणि बाकीची तब्येत बघून ठरवतात. दुसरा आकडा डाव्या-उजव्याच्या वाटणीचा. ५२-४८ असा फरक काहीच नाही. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त अंतर पडलं तर साधारणपणे कमी काम करणारी किडनी काढतात. चांगली किडनी डोनरकडेच राहते, हा नियम डोनरच्या बाजूचा आहे. तो आईला किंवा बायकोला मुद्दाम समजावून सांगा. ‘माझी चांगली तीच त्याला द्या’ म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

डीटीपीए आणि सीटी एकाच दिवशी कोंबू नका. सीटीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात तो डाय किडनीतूनच बाहेर पडतो. आधी डीटीपीए करून मग वेगळ्या दिवशी सीटी केला तर आकड्यांबद्दल शंका राहत नाही.

डोनर: सीटी अँजिओ

सर्जन ऑपरेशनची आखणी या स्कॅनवर करतो, म्हणून इथे जरा थांबू.

तयारी सोपी आहे. चार-सहा तास काही खायचं नाही. पाण्याबद्दल सेंटरला विचारा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. पूर्वी डाय दिल्यावर अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, दमा असेल, थायरॉइड वाढलेला असेल, मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, पाळी चुकली असेल, तर हे सगळं फॉर्म भरतानाच सांगायचं, टेबलवर झोपल्यावर नाही. कोकणातल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: कोळंबी चालत नाही, मग आयोडिनचा डाय चालेल का? कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रोटीनची असते, आयोडिनची नसते, त्यामुळे तेवढ्यासाठी स्कॅन रद्द होत नाही. तरीही सांगा, कारण कुठलीही ॲलर्जी असलेल्या माणसावर आम्ही जरा जास्त लक्ष ठेवतो.

कोपराजवळच्या शिरेत जरा जाड सुई लावतात, कारण डाय सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने जाणार असतो. आधी बिनडायचा एक फेरा होतो. त्यात खडे दिसतात. मग मशीन पोटातल्या मुख्य धमनीवर डोळा ठेवून बसतं, आणि तिथे डाय पोचला की पुढचे फेरे सुरू होतात. ‘काकू, आता अंगात गरम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, ती होत नाही. घाबरून हलू नका. श्वास घ्या, धरा.’ हे आधीच माहीत असलेली काकू हलत नाही, आणि चित्र स्वच्छ येतं. तोंडाला धातूसारखी चव येते, मिनिटभरात जाते. सुईच्या जागी फुगलं किंवा दुखलं तर मात्र लगेच ओरडा. काही मिनिटांनी डाय लघवीच्या मार्गात उतरल्यावर शेवटचं चित्र घेतात.

रिपोर्टमध्ये सर्जन सर्वांत आधी धमन्या मोजतो. प्रत्येक किडनीला एकच धमनी असायला हवी असं पुस्तकात असलं, तरी साधारण चारातल्या एका माणसाला कुठल्या तरी बाजूला दोन किंवा जास्त धमन्या असतात. हा दोष नाही, पण जोडकाम वाढतं. त्यातही खालच्या टोकाला जाणारी बारीक धमनी फार नाजूक प्रकरण असतं. मूत्रनलिकेच्या वरच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या फांद्या तिच्यातून येऊ शकतात. ती बंद पडली तर नलिकेचा तो भाग वाळतो आणि पुढे लघवी गळते. म्हणून दोन मिलिमीटरच्या धमनीवरही लोक अर्धा तास चर्चा करतात.

‘अर्ली ब्रांचिंग’ लिहिलं असेल तर मुख्य धमनीतून निघाल्यावर दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच फाटा फुटला आहे. कापून जोडायला एकसंध तुकडा कमी मिळणार. ‘रेट्रोएऑर्टिक लेफ्ट रीनल व्हेन’ म्हणजे डावी शीर मुख्य धमनीच्या पुढून न जाता मागून जाते. जन्मजात ठेवण आहे, आजार नाही. आणि बहुतेकांची डावीच किडनी का काढतात, तर डावीकडची शीर लांब असते. मोठी शीर शरीराच्या उजव्या अंगाला असल्यामुळे उजव्या किडनीची शीर आखूड पडते, आणि आखूड शीर जोडणं सर्जनला त्रासाचं.

पेशंटच्या बाजूने

इथे थोडक्यात. नवी किडनी ओटीपोटाच्या बाजूला, बहुतेकदा उजवीकडे बसवतात आणि पायाकडे जाणाऱ्या धमनी-शिरेला जोडतात. त्या धमनीत कॅल्शियम साठून ती कडक झाली असेल तर टाका घालायला जागा उरत नाही. म्हणून डॉपलर करतात. मधुमेही किंवा बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्या पेशंटचा बिनडायचा सीटीही काढतात. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळ्यांनाच लागतो. लहानपणापासून लघवीचा त्रास असेल तर एमसीयू होतो, म्हणजे मूत्राशयात डाय भरून लघवी करताना एक्स-रे काढतात.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या, हातात सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. हे स्कॅनच्या खोलीतही तितकंच लागू आहे, आणि नवीन स्टाफला तुम्हीच आठवण करून द्यायची. डायलिसिसच्या पेशंटला एमआरआय सांगितला तर डाय लागणार का, कोणता लागणार, हे नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीच्या डॉक्टरांकडून) विचारून घ्या. गॅडोलिनियम या एमआरआयच्या डायच्या काही जुन्या प्रकारांनी किडनी बंद असलेल्यांची कातडी आणि सांधे कडक होण्याचा आजार होतो. नव्या प्रकारांत हा धोका फार कमी आहे.

घरात डोनर नसेल आणि मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव असेल, तर मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (अवयववाटप बघणाऱ्या विभागीय समितीच्या) यादीप्रमाणे फोन कधीही येऊ शकतो, रात्री दोनलासुद्धा. त्या वेळी एको करत बसायला कुणाकडे वेळ नसतो. कोणता रिपोर्ट किती जुना चालतो हे हॉस्पिटलकडून लिहून घ्या आणि ठरलेल्या मुदतीत ताजा करत राहा.

ऑपरेशननंतरचा पहिला डॉपलर

पहिल्या एक-दोन दिवसांत बिछान्यापाशी मशीन आणून डॉपलर करतात. बहुतेक वेळा सगळं ठीक असतं, पण तरीही हा स्कॅन सर्वांत मोलाचा, कारण पुढचे सगळे याच्याशी ताडून बघायचे असतात. याची प्रत न चुकता घ्या.

पहिल्या आठवड्याची खरी भीती म्हणजे शिरेत गुठळी. लघवी एकदम थांबते, किडनीवर दुखतं, आणि डॉपलरमध्ये हृदय सैल पडण्याच्या क्षणी रक्त पुढे जायच्या ऐवजी उलटं फिरताना दिसतं. उलटा प्रवाह इतर कारणांनीही दिसतो, पण शिरेत प्रवाहच नसेल तर पेशंटला परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं, आणि तिथे मिनिटांचा हिशोब असतो. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी अचानक कमी झाली तर सकाळच्या राउंडची वाट न बघता नर्सला सांगा.

आता तो आरआय, म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स. समजा रिपोर्टमध्ये किडनीच्या आतल्या धमनीचा सर्वाधिक वेग ४० आणि ठोक्याच्या शेवटचा वेग १२ आहे. ४० वजा १२ म्हणजे २८. २८ भागिले ४० म्हणजे ०.७०. झालं, हाच आरआय. ०.७ पर्यंत निवांत, ०.७ ते ०.८ मधला प्रदेश, ०.८ च्या वर लक्ष द्यायचं.

पण लक्ष द्यायचं म्हणजे घाबरायचं नाही. रिजेक्शन, ऑपरेशनच्या धक्क्याने दमलेली किडनी, लघवीला अडथळा, या सगळ्यांत आरआय वाढतो. पेशंटच्या स्वतःच्या धमन्या वयाने कडक झाल्या असतील तरी वाढतो. एवढंच काय, प्रोब पोटावर जोरात दाबला तरीही वाढतो, कारण नवी किडनी कातडीच्या अगदी खाली असते. २०१३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बेल्जियममधला एक अभ्यास आला. ठरलेल्या वेळी नेमाने मोजलेला आरआय बसवलेल्या किडनीपेक्षा ज्याला ती बसवली त्या माणसाचीच वैशिष्ट्यं दाखवतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे ०.६६चा ०.७४ झाला आणि क्रिएटिनिन, लघवी, बीपी जागच्या जागी असेल, तर रात्री नीट झोपा. ०.६६ तसाच राहिला आणि क्रिएटिनिन १.१ वरून १.७ वर गेलं, तर त्या छान आरआयचं कौतुक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणखी एक सूचना. किडनीत ‘माइल्ड फुलनेस’ लिहिलं असेल तर लघवी करून आल्यावर पुन्हा बघितलं होतं का, हे विचारा. मूत्राशय टम्म भरलेला असताना नवी किडनी थोडी फुगलेली दिसतेच.

पेशी बघायच्या तर बायोप्सी

क्रिएटिनिन वाढलं, डॉपलर चांगला, लघवीत जंतू नाहीत. अशा वेळी उरतात ते मुख्यतः तीन संशयित: रिजेक्शन, टॅक्रोलिमसचा (रिजेक्शन टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा) जास्त डोस आणि किडनीला लागण करणारा बीके विषाणू. स्कॅनवर तिघंही सारखेच दिसतात. उपचार मात्र उलट दिशेचे; रिजेक्शनला प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, विषाणूला ती सैल सोडायची. अंदाजाने गोळी झाडून चालत नाही. म्हणून बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

सूक्ष्मदर्शकाखाली तिघांचे चेहरे वेगळे निघतात. पेशीच्या वाटेने येणाऱ्या रिजेक्शनमध्ये लिम्फोसाइट्स नावाच्या पांढऱ्या पेशी किडनीतल्या बारीक नळ्यांच्या भिंतीत घुसलेल्या सापडतात. अँटिबॉडीच्या वाटेने आलेलं असेल तर केशवाहिन्यांमध्ये सूज दिसते आणि सी४डी नावाच्या रंगप्रक्रियेत बऱ्याचदा त्यांच्या कडा उजळतात. टॅक्रोलिमसच्या विषारी परिणामात नळ्यांच्या पेशींत सारख्या आकाराच्या बारीक पोकळ्या पडू शकतात. बीके विषाणूत नळ्यांच्या पेशींची केंद्रकं मोठी आणि विद्रूप होतात. यांची वर्गवारी बॅन्फ पद्धतीने लिहितात. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१मध्ये तज्ज्ञ जमले होते, तिथून हे नाव आलं. त्याच पद्धतीप्रमाणे तुकड्यात किमान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे गुच्छ) आणि २ धमन्या असाव्या लागतात. म्हणून एक तुकडा काढून झाल्यावर डॉक्टर दुसरा घेतात, त्यात काही बिघडलेलं नसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरच सांगतील; स्वतःहून थांबवू नका आणि चालू असल्याचं लपवूही नका. नवी किडनी पुढच्या बाजूला असल्यामुळे उताणंच झोपायचं असतं. सोनोग्राफीवर बघत, जागा बधिर करून सुई घालतात. स्प्रिंगचा ‘टक्’ आवाज दचकवणारा असतो, तो आधी ऐकवायला सांगा. मग काही तास सपाट पडून राहायचं आणि प्रत्येक लघवीचा रंग नर्सला दाखवायचा. पहिली लघवी गुलाबी आली तर चालतं. लाल होत गेली, गाठी आल्या, लघवी अडली, तर लगेच सांगायचं. दुखलं तर पॅरासिटामॉल. घरातल्या डब्यातली दुसरी दुखण्याची गोळी नको.

पुढचे महिने

टाके सुकल्यावर, साधारण महिना-दोन महिन्यांनी, किडनीच्या शेजारी पाण्याची पिशवी दिसू शकते. बहुधा ती लिम्फची, म्हणजे लसिकावाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवाची असते. लहान असेल तर फक्त नजर ठेवतात. नलिकेवर किंवा शिरेवर दाब देत असेल तर सुईने किंवा ऑपरेशनने काढतात. पाणी लिम्फचं की गळलेल्या लघवीचं, हे ओळखायला त्यातलं क्रिएटिनिन मोजतात. रक्ताइतकंच असेल तर लिम्फ, रक्ताच्या कितीतरी पट असेल तर लघवी. मूत्रनलिकेच्या आत ठेवलेला डीजे स्टेंट (बारीक नळी) काही आठवड्यांत काढायचा असतो. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर आहे का ते बघा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहा. विसरलेला स्टेंट आतच राहिला तर त्यावर खडे धरतात.

तीन महिने ते दोन वर्षं या काळात बीपी अचानक हाताबाहेर गेलं, किंवा रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन उसळलं, तर नव्या किडनीची धमनी अरुंद झाली असेल अशी शंका घेतात. डॉपलरमध्ये जोडाच्या जागी वेग सेकंदाला २५० सेंटिमीटरच्या वर आणि आतल्या धमन्यांत लाट संथ, दबलेली, असं जोडीने दिसलं तर शंका बळावते. नुसत्या वेगावर जाऊ नका. धमनीला बाक असेल किंवा मोजणीचा कोन चुकला तरी आकडा फुगतो. खात्रीसाठी पुढे बिनडायचा एमआर अँजिओही करता येतो, आणि अरुंदपणा निघालाच तर फुग्याने किंवा स्टेंटने धमनी मोकळी करतात.

डॉपलरच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमसची गोळी उगाच चुकवू नका. नुसत्या नव्या किडनीच्या डॉपलरला उपास बहुतेक ठिकाणी लागत नाही. त्याच दिवशी टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) तपासायला रक्त द्यायचं असेल तर आधी रक्त, मग गोळी, मग स्कॅन. गोळी घेऊन दिलेल्या रक्तात लेव्हल खोटी वाढलेली येते आणि त्या आकड्यावर कुणी डोस कमी केला तर अनर्थ.

जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या पाठीकडे तशाच असतात. डायलिसिसवर गेलेल्या वर्षांत त्यांच्यात सिस्ट होतात आणि काहींत कॅन्सरची गाठ धरू शकते, तेव्हा त्यांच्यावरही सोनोग्राफीने नजर ठेवलेली बरी. किती दिवसांनी, ते डॉक्टरांशी ठरवा. फॉर्मवर नुसतं ‘ट्रान्सप्लान्ट किडनी’ लिहिलं असेल तर तपासणारा ओटीपोटावरच थांबतो. ‘नवी आणि जुन्या दोन्ही’ असं चिठ्ठीवर लिहून घेऊनच रांगेत बसा.